क्रेनवालीचा कप

मी एक जुना कप आहे. चहाचा नाही. मी बाईच्या पाळीत वापरायचा कप आहे, सिलिकॉनचा, मऊ, उलट्या घंटेसारखा, बुडाला बोटाच्या पेराएवढी दांडी असलेला. पाळी आली की मी योनीत बसतो, रक्त गोळा करतो, बाहेर येतो, रिकामा होतो, धुतला जातो आणि परत कामाला लागतो. एवढं वाचून कोणाचे कान लाल झाले असतील तर त्याने पाणी पिऊन यावं. मी थांबतो. मला घाई नाही.

मित्रांनो, फाटक्या पुस्तकाला, मोडक्या छत्रीला, गंजलेल्या सायकलीला तुम्ही मनोगत सांगू देता. बाई फळ्यावर विषय लिहितात आणि तुम्ही पानं भरता. मला आजवर कोणी विचारलं नाही. माझं नाव फळ्यावर लिहायला खडू धजत नाही. म्हणून मी न बोलावताच उभा राहिलो आहे. मला माझी टिमकी वाजवायची नाही. मी जिच्याकडे दहा वर्षं कामाला होतो, त्या बाईबद्दल मला सांगायचं आहे.

माझा जन्म साच्यात झाला. गरम साचा मिटला, उघडला, आणि मी काठाला बारीक झालर लोंबत असलेला बाहेर पडलो. ती झालर कापायला लांब टेबलाशी नऊ बायका बसत. डोक्याला जाळी, हातात मोजे. मी जिच्या वाट्याला आलो ती चष्म्यावरून बघणारी होती. तिने मला उलटा केला, सुलटा केला, उजेडात धरला, काठावरून बोट फिरवलं. काठाखाली हवा जायला चार बारीक भोकं असतात, ती तिने सुईने एकेक तपासली. शेजारणीने विचारलं, "काय गं, तू वापरतेस का हे?"

ती म्हणाली, "मी? घरी कळलं तर मलाच साच्यात घालतील."

सगळ्या हसल्या. मीही हसलो असतो, पण मला तेव्हा कळलं की दिवसाला सहाशे कप तिच्या हाताखालून जातात आणि त्यातला एकही तिच्या घरी जात नाही. माझा राग तिथून सुरू झाला. तो अजून पुरता उतरलेला नाही.

मला विकत घेतलं एका मावशीने. ती इस्पितळाच्या धुलाईघरात काम करायची. दिवसभर चादरींवरचं रक्त धुणारी बाई रक्ताला रक्तच म्हणते. तिने मला आपल्या भाचीसाठी घेतलं. ही भाची इमारतींच्या बांधकामावर क्रेन चालवायची. उंच खांबावरची क्रेन, तिच्या टोकाला काचेची खोली, आणि त्या खोलीत ही एकटी. खालून ती मुंगीएवढी दिसायची आणि वरून ती टनांची वजनं उचलायची. सगळे तिला क्रेनवाली म्हणत.

वर जायला एकशे नव्वद पायऱ्यांची उभी शिडी. सकाळी चढलं की दुपारच्या सुट्टीपर्यंत खाली यायचं नाही. पाळीच्या दुसऱ्या दिवशी क्रेनवाली दोन-दोन पॅड लावून चढायची. शिडी चढताना ते एकावर एक घासायचे आणि मांड्या सोलून निघायच्या. बहुतेकदा इतकं जायचं की ती घरीच राहायची आणि सुट्टीच्या अर्जात लिहायची, ताप. जवळजवळ दर महिन्याला बरोबर दोन दिवस ताप. जगातला सर्वांत शिस्तीचा ताप.

मावशीने मला भाचीच्या घरी टेबलावर ठेवलं तेव्हा क्रेनवालीची आई मशीनवर शर्टाच्या कॉलरी शिवत होती. कॉलर शिवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

"ताई, हे बघ काय आणलंय हिच्यासाठी," मावशी म्हणाली.

आईने मला दोन बोटांत धरलं. "काय आहे? बाटलीचं बूच?"

मावशीने सगळं सांगितलं. आईचा पाय मशीनवरून खाली आला.

"आत?"

"आत."

"आत म्हणजे कुठे आत?"

"ताई, हिला जन्माला घातलीस ती कुठून? आता मला नकाशा काढायला लावू नकोस."

क्रेनवाली तोंडावर ओढणी धरून हसत होती. आई हसली नाही. "लग्न व्हायचंय तिचं," ती म्हणाली.

"होईल की. कप काय नवऱ्याच्या खुर्चीत बसणार आहे?"

"काही बिघडलं म्हणजे?"

"बिघडायला ते शिवणयंत्र आहे का, ताई?"

आईने मला टेबलावर टाकलं. मग आई हळूच म्हणाली, "आणि मी शिवून दिलेल्या घड्या? त्यांनी आता ओटा पुसायचा?"

मित्रांनो, खरं दुखणं हे होतं. ही आई मुलीला पहिली पाळी आल्यापासून आपल्या हाताने कापडाच्या घड्या शिवून देत आली होती. मी त्या घड्यांशेजारी कपाटात राहिलो आहे, म्हणून सांगतो. सहा पदर, मध्ये फ्लॅनेल, कडेला दुहेरी शिलाई, कोपरे गोल, कुठे टोचायला नको म्हणून गाठी आतल्या बाजूला. दुकानात मिळणाऱ्या कुठल्याही मालाने त्या घड्यांसमोर मान खाली घालावी. घरात, जमिनीवर चालणाऱ्या बाईला त्या उत्तम होत्या. पण ही बाई जमिनीवर चालत नव्हती, त्याला घड्या काय करणार!

क्रेनवाली आधी डॉक्टरीण बाईंकडे गेली. नुसत्या ऐकीव गोष्टींवर तिने मला घेतलं नाही, हे मला आवडलं. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, लग्न झालेलं असो नसो, वापरता येतो. लग्नाशी त्याचा संबंध नाही. हात स्वच्छ, कप उकळलेला, आणि सवयीला दोन-तीन पाळ्या द्यायच्या. घाबरायचं नाही. फार दुखलं तर परत यायचं.

पण सांगून माणूस घाबरायचा थांबतो का? पहिल्या वेळी मी आत गेलो ते तिसऱ्या प्रयत्नात, घडी घालून, बऱ्यापैकी गेलो. घोटाळा झाला बाहेर येताना. क्रेनवालीने माझी दांडी चिमटीत धरली आणि सरळ खेचली. मी हललो नाही. तिने जोरात खेचली. मी आणखी चिकटलो. काठ आतून धरून बसतो, निर्वात पोकळी होते, ते माझं कामच आहे. ती जितकी खेचत गेली तितकं दुखत गेलं. ती न्हाणीघरात फरशीवर बसून रडायला लागली. बाहेरून आई दार ठोठावत होती आणि म्हणत होती, "मी सांगितलं होतं! मी सांगितलं होतं!" या वाक्याने आजवर कोणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही.

शेवटी आईनेच मावशीला फोन लावून दाराच्या फटीशी धरला. मावशी फोनवरून ओरडली, "उकिडवी बस! शी करताना लावतेस तसा जोर लाव! लाजू नकोस, इथे मी आणि माझ्या चादरीच आहेत!"

मी निघालो. क्रेनवालीने मला धुतलं, कपाटात कोंबलं आणि म्हणाली, "मेले तरी परत नाही."

मग सात महिने मी कपाटात. कपाटाचं दार नीट लागत नसे, म्हणून मला पुढचं सगळं ऐकू आलं आणि फटीतून थोडं दिसलंही.

एक दिवस ती कामावरून आली आणि हेल्मेट पलंगावर फेकलं. पाळीचा दुसरा दिवस होता. केबिनच्या खुर्चीला डाग पडला होता. तिने तो पुसला, पाण्याने, रुमालाने, खुर्ची लख्ख केली. तरी दुपारपाळीचा ऑपरेटर वर आला, खुर्चीकडे बघितलं, आणि तिच्यावर वर्तमानपत्र अंथरून बसला. दुसऱ्या दिवशी परत. आठवडाभर परत. मित्रांनो, हाच माणूस आपली लघवीची बाटली केबिनच्या कोपऱ्यात विसरून जायचा आणि ती सकाळी हीच खाली आणायची. त्या बाटलीखाली तिने कधी वर्तमानपत्र अंथरलं नाही. आता सांगा, घाण कोणाची?

आणि त्याच आठवड्यात मुकादमाने तिला बोलावलं. साइटवर नवी क्रेन यायची होती, सत्तर मीटरची, त्या भागातली सगळ्यांत उंच. क्रेनवालीचा जीव त्या क्रेनवर होता. तिने तिचं चित्र कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. मी सात महिने तेच बघत होतो.

मुकादम म्हणाला होता, "ताई, तुझा हात चांगला आहे, नाही कोण म्हणतं? पण मोठ्या क्रेनवर मला महिनाभर उभा राहणारा माणूस पाहिजे. तुझा दोन दिवस ताप ठरलेला. पावणेदोन महिन्यांनी परीक्षा आहे, सलग तीन दिवस, बाहेरचे लोक बघायला येणार. एक दिवस चुकला की संपलं. त्यापेक्षा खाली गेटवर बस. गाड्या आत-बाहेर कर. खुर्ची आहे, पंखा आहे."

"पंखा तुम्हीच ठेवा," ती म्हणाली आणि निघाली. घरी येऊन तिने दिवस मोजले. परीक्षेचा दुसरा दिवस, तोच तिच्या पाळीचा दुसरा दिवस. ती पलंगावर आडवी झाली आणि छताकडे बघत राहिली. आईने मशीन थांबवलं.

चार दिवसांनी संध्याकाळी चहा पिताना ती आईला साइटवरची गंमत सांगत होती. पाण्याचा पाइप फुटून खड्ड्यात चिखल झाला होता, आणि शटरिंगची, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याची, मोठी पोलादी प्लेट त्यात रुतून बसली होती.

"मुकादम वॉकीवर ओरडतोय, खेच, खेच! मी म्हटलं, नाही खेचणार. चिखलात चिकटलेलं वजन सरळ खेचायचं नसतं. खाली हवा नसते ना, ते धरून ठेवतं. जोर केला तर दोर तुटतो नाहीतर क्रेन हेलकावते. दोन माणसं पाठवा, पहारीने एक कोपरा उचका, आत हवा जाऊ द्या. त्यांनी उचकला कोपरा. फस्सकन आवाज झाला आणि प्लेट अशी आली वर, अगदी अलगद..."

ती मध्येच थांबली. कप बशीत ठेवल्याचा आवाज आला. मग ती हसायला लागली, ठसका लागेपर्यंत हसली.

"काय झालं गं?" आई म्हणाली.

"आई, मी महामूर्ख आहे. मी त्याला दांडीला धरून सरळ खेचत होते!"

"कोणाला? मुकादमाला?"

"कपाला गं! कपाला! कोपरा उचकायचा होता आधी!"

मित्रांनो, डॉक्टरीण बाईंनी सांगितलं होतं, माझ्या डब्यातल्या कागदावर छापलं होतं, की बुडाला चिमटा घ्या, काठ जरा मोडा, हवा जाऊ द्या, मग काढा. पण सांगितलेलं कानात राहतं, हातात उतरत नाही. तिच्या हाताला आयुष्यभर एकच ठाऊक होतं: हुकाला अडकवलं की वर उचलायचं. माझी दांडी तिला हुकाला अडकवायची कडी वाटली. आणि त्याच हाताने चिखलातून प्लेट काढली तेव्हा तिला स्वतःच्या शरीराचं कोडं सुटलं. मी किती बायकांबद्दल ऐकलं आहे, पण आपल्या धंद्यातून आपलं शरीर शिकलेली ही एकच.

कपाट उघडलं. "ये रे बाबा," ती म्हणाली. सात महिन्यांनी माझ्यावर पुरता उजेड पडला.

एक पाळी सरावाची, दुसरी परीक्षेची, एवढाच वेळ होता. मला उकळायला तिने दुधाचं पातेलं काढलं आणि आई मशीनवरून ताडकन उठली. मला वाटलं, झालं, गेलो मी कचऱ्यात. आईने दुधाचं पातेलं हिसकावून घेतलं, खालच्या फळीवरून दुसरं पातेलं काढलं आणि ओट्यावर आपटलं. त्यात ती पूर्वी कॉलरींना लावायची खळ शिजवायची.

"यात उकळ. दुधाच्या पातेल्याला परत हात लावलास तर बघ."

क्रेनवालीने मुकाट त्यात पाणी ओतलं. अशा वेळी न बोलणं हे मोठं शहाणपण आहे. मी पाच मिनिटं उकळलो. आई शेजारी उभी राहून आत डोकावत होती. मी निवलो तशी तिने मला उचललं आणि बारकाईने बघायला लागली, जशी ती गिऱ्हाइकाची फाटकी कॉलर बघते.

"ही दांडी टोचत नाही का?"

"टोचते ना. खाली बाहेर येते थोडी."

"मग कापत का नाहीस?"

"भीती वाटते. जास्त कापली तर बुडाला भोक पडेल."

आईने गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला. काज कापायची छोटी कात्री घेतली, ती उकळत्या पाण्यातून काढली. मग मुलीला विचारत, तांदळाएवढा तुकडा, परत तांदळाएवढा तुकडा, असं करत तिने माझी दांडी कापली. शेवटी टोक गोल केलं, कुठे कड म्हणून राहू दिली नाही. मित्रांनो, मला जन्माच्या वेळी सुयांनी तपासलं होतं, पण घाबरलो मी त्या दिवशी. आणि ज्या हाताने मला बूच म्हणून टाकलं होतं, तोच हात मला कोणाहीपेक्षा जपून धरत होता.

सरावाची पाळी ठीक गेली. एकदा गळलो, एकदा वाकडा बसलो, एकदा ती मला धुताना माझ्यावरच ओरडली. पण बाहेर येताना रडारड झाली नाही. बुडाला चिमटा, काठाला हवा, आणि मी अलगद बाहेर.

मग परीक्षेचा दुसरा दिवस उजाडला. क्रेनवाली सकाळी सहाला शिडीपाशी उभी होती. सत्तर मीटर. दोनशे ऐंशी पायऱ्या. मी तिच्याबरोबर चढलो. तिच्या मांड्या मोकळ्या होत्या, त्यांना काही घासत नव्हतं. मध्ये दोनदा विसाव्याच्या फळीवर थांबली, तेवढंच. वर जाऊन ती खुर्चीवर बसली आणि तिने दोन्ही मुठी क्रेन चालवायच्या लिव्हरवर ठेवल्या.

त्या दिवशीचं अवघड काम म्हणजे सिमेंटचा तयार जिना उचलून सतराव्या मजल्यावरच्या खाचेत बसवायचा. अडीच टनांचा जिना, आणि खाचेला दोन्ही बाजूंनी बोटभर जागा. वारा होता. खाली परीक्षा घेणारे दोघे, मुकादम, आणि सतराव्या मजल्यावर वॉकी घेऊन सिग्नलवाला. त्याचा आवाज येत होता, "ये... ये... हातभर... वीतभर... थांब, वारा जाऊ दे... बोटभर... अजून अर्धं बोट..."

ती श्वास धरून होती. मला तिच्या आत सगळं जाणवत होतं. जिना खाचेच्या तोंडाशी आला आणि हलायचा थांबला, जणू त्यालाही ऐकायचं होतं.

"बस!" सिग्नलवाला ओरडला. "ताई, बसला! लोण्यात सुरी बसावी तसा बसला!"

पाच तास ती वर होती. त्या पाच तासांत तिने माझी एकदाही आठवण काढली नाही. गळतोय का, डाग पडला का, उठू का, बघू का, काही नाही. ती मला पूर्ण विसरली होती. मित्रांनो, माझ्या धंद्यात याहून मोठी शाबासकी नाही. पेनाला वाटतं, आपल्या अक्षराचं कौतुक व्हावं. मला वाटतं, बाईला माझी आठवणच येऊ नये, तिला आपल्या कामाची आठवण राहावी. ती जी त्या खुर्चीत बसली होती ती ताप आलेली, डागाला भ्यालेली, खाली गेटवर बसवलेली बाई नव्हती. ती क्रेन चालवणारी बाई होती.

तिसरा दिवसही झाला. मोठी क्रेन तिला मिळाली. मुकादमाने हात जोडून "ताई, मानलं" म्हटलं. तिने म्हटलं, "मानू नका, खाली शिडीशी एक संडास बांधा. कडी लागणारा." कारण मी सगळ्या दुखण्यांवरचं औषध नाही. मी रक्त सांभाळतो, लघवी नाही. चार महिने भांडून तिने तो बांधून घेतला. दुपारपाळीच्या ऑपरेटरने वर्तमानपत्र अंथरणं सोडलं की नाही ते मला माहीत नाही. त्याची बाटली मात्र तिने परत कधी खाली आणली नाही. एके सकाळी तिने ती मुकादमाच्या टेबलावर नेऊन ठेवली आणि कामाला चढली.

दहा वर्षं मी तिच्याबरोबर वर-खाली केलं. आता मी पिवळा पडलो आहे, काठ चिवट राहिलेला नाही. गेल्या महिन्यात तिने नवा कप आणला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण माझ्या काठाला बारीक चीर गेली आहे, आणि चीर गेलेल्याने हट्ट करू नये.

मित्रांनो, आणि मैत्रिणींनो, माझं मागणं थोडं आहे. मी सगळ्यांना जमेन असं नाही. कोणाला घड्या बऱ्या, कोणाला पॅड. ते ज्याचं शरीर त्याने ठरवावं, आणि ठरवायला वेळ घ्यावा. माझ्यासारखा कोणी तुमच्या घरी आला तर त्याला नीट उकळा, नीट वाळवा. त्याला अंधारात, ओलसर फडक्यात लपवून ठेवू नका. जी वस्तू लपवून वाळवावी लागते ती बाईला आजारी पाडते. आणि मुलांनो, ज्यांचे कान सुरुवातीला लाल झाले होते तेसुद्धा, तुम्ही कोणी कधी खुर्चीवर वर्तमानपत्र अंथरू नका. एवढंच.

मी राहतो कुठे, ते सांगायचं राहिलं. परीक्षेनंतर आईने आपल्या सर्वांत चांगल्या घडीची शिलाई उसवली आणि तिच्या फ्लॅनेलची माझ्यासाठी पिशवी शिवली. गोल कोपरे, आतल्या गाठी. बाहेरच्या खोलीत खिडकीशी, जिथे सकाळचं ऊन येतं, तिथे दोन खुंट्या आहेत. एकीवर मुलीचं हेल्मेट, दुसरीवर मी. नवा कप आला तरी आईने मला तिथून काढलेलं नाही.

परवा शेजारची बाई कॉलर बदलायला शर्ट घेऊन आली. तिची नजर खिडकीकडे गेली. "ही हेल्मेटजवळची पिशवी कसली गं?" तिने विचारलं.

आईने मशीन थांबवलं नाही.

"मुलीचं कामाचं सामान आहे," ती म्हणाली. "ते वर घालायचं, यातलं खाली. दोन्ही घालून ती सत्तर मीटरवर जाते. आण, कॉलर दाखव."